गोळी चुकते ती नेमकी कुठे?

रामटेकचे उपजिल्हा रुग्णालय असो, गावातला खासगी दवाखाना असो की देवलापार पट्ट्यातले एखादे उपकेंद्र, मधुमेहाच्या तपासणीचा शेवट बहुतेक वेळा एकाच संवादाने होतो. ‘गोळ्या बरोबर घेता ना?’ ‘घेतो ना जी.’ एवढ्यावर केसपेपर पूर्ण होतो आणि पुढच्या नंबरला हाक जाते. हे उत्तर खोटेच असते असे नव्हे. महिन्यातले वीस दिवस गोळी घेतलेल्या माणसाला आपण गोळ्या घेतो असेच वाटते. शिवाय समोरच्या डॉक्टरला तोंडावर नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. पण तपासणीत साखर वाढलेली दिसली की रुग्ण निष्काळजी ठरतो, पथ्य न पाळणारा ठरतो, कधी खोटारडाही ठरतो. मधुमेहाच्या औषधांत सातत्य किती राहते, यावर गेल्या काही दशकांत जगभर भरपूर अभ्यास झाला आहे. तो एकत्र वाचला तर हा आरोप टिकत नाही. गोळी शेवटी रुग्णाच्या हातून चुकते हे खरे. पण त्या चुकण्याची तयारी चिठ्ठी लिहिताना, औषधांची खरेदी करताना आणि रुग्णाला पुढची तारीख देताना झालेली असते. रुग्णाकडून सातत्य हवे असेल तर ते आधी व्यवस्थेत असावे लागते, असा या लेखाचा दावा आहे.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के निघाले होते. शहरी भागात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५. म्हणजे ‘शुगर’ हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार ही समजूत तेव्हाच मोडीत निघायला हवी होती. त्याहून बोलके आकडे उपचारांचे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून १५ ते ४९ या वयोगटाचा अभ्यास झाला. त्यात मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ५२ जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊक होते, ४० जण उपचार घेत होते आणि २५ जणांची साखर आटोक्यात होती. २०२२ च्या इंडियाब अहवालात, आजार ठाऊक असलेल्यांपैकीही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आत असलेले ३६.३ टक्केच निघाले. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही उद्दिष्टे गाठणारे होते ७.७ टक्के. यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची ती ही, की अनियंत्रित साखर म्हणजे चुकलेली गोळी असे समीकरण मांडता येत नाही. आजार उशिरा कळणे, मात्रा वेळेवर न वाढवणे, वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवणे हेही त्यातच येते. चिठ्ठी तशीच पुढे चालते तेव्हा चुकते ती लिहिणाऱ्याची बाजू.

मग गोळ्या किती घेतल्या जातात? इथे पहिली अडचण मोजमापाचीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन उपचारांवर एक अहवाल काढला. विकसित देशांतही जुनाट आजारांचे सुमारे निम्मेच रुग्ण औषधे सातत्याने घेतात, हा त्याचा निष्कर्ष होता आणि तो आजही सर्वत्र उद्धृत होतो. पुढच्याच वर्षी मधुमेहापुरत्या अभ्यासांचा आढावा निघाला. त्यात तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचे प्रमाण ३६ ते ९३ टक्के इतके पसरलेले आढळले. एवढी तफावत माणसामाणसांत असते तशीच ती मोजण्याच्या पद्धतींतही असते. रुग्णाला विचारले तर आकडा फुगतो. गोळ्या मोजायला बसले तर तपासणीच्या आदल्या दिवशी पाकीट रिकामे करून आणणारेही भेटतात. दुकानातल्या खरेदीच्या नोंदी पाहिल्या तर घेतलेली स्ट्रिप पोटात गेली की कपाटात राहिली ते कळत नाही. १९८० च्या दशकात मोरिस्की यांनी चार साध्या प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. तिचे मर्म प्रश्नाच्या धाटणीत आहे. ‘घेता ना?’ असे विचारले की ‘हो’ येते. ‘कधी विसरायला होते का? बरे वाटले की बंद करता का?’ असे विचारले की खरे उत्तर द्यायला वाट मिळते. चार दिवसांच्या शिस्तीने उपाशीपोटीची साखर खाली आणता येते, एचबीए१सी मात्र सहसा फसत नाही, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवली जाते. पण विदर्भात तिथेही जपून पावले टाकावी लागतात. सिकलसेलचे प्रमाण इथे मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णांत ही तपासणी दिशाभूल करू शकते आणि वाहकांतही काही यंत्रपद्धतींनी आकडा चुकतो. ज्या आकड्यावरून रुग्णाला दोष द्यायचा, तोच कधीकधी सदोष असतो.

गोळी चुकल्याने खरेच एवढे बिघडते का, हा रास्त प्रश्न आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ चाचणीने १९९८ मध्ये दाखवून दिले की साखरेवर कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका एक चतुर्थांशाने घटतो. दोन गटांच्या एचबीए१सीमधला फरक एका अंकाएवढाही नव्हता. २००६ मध्ये अमेरिकेत साडेअकरा हजार मधुमेहींच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषधांत खंड पडणाऱ्यांचा मृत्युदर ५.९ टक्के, तर नियमित घेणाऱ्यांचा ४ टक्के निघाला. यावर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१ अभ्यासांचा आढावा आला. त्यात औषध नसलेली नकली गोळीदेखील नेमाने घेणाऱ्यांत मृत्यूची शक्यता जवळपास निम्मी आढळली! म्हणजे नेमाने गोळी घेणारा माणूस मुळात वेगळा असतो. त्याचे जेवण वेळेवर असते, घरात आठवण करून देणारे कोणी असते, हाताशी चार पैसे असतात. त्यामुळे नियमितपणाचा सगळा फायदा औषधाच्या खात्यावर जमा करता येत नाही. पण या आक्षेपाने औषध निरुपयोगी ठरत नाही, कारण यूकेपीडीएससारख्या चाचण्यांत दोन्ही गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पाडलेले होते. उलट, आक्षेप नीट वाचला तर तो आपल्याच मुद्द्याला बळ देतो. नियमितपणा हा सुटा सद्गुण नाही. ज्याच्या आयुष्यात स्थैर्य आहे त्याला तो सहज जमतो. प्रश्न उरतो तो ज्याच्या आयुष्यात ते नाही त्याचा.

रामटेक तालुक्यात हे स्थैर्य ऋतूवर हलते. हा धानाचा मुलूख. आषाढ-श्रावणात रोवणी लागली की बायका भल्या सकाळी चहा घेऊन बांधीत उतरतात आणि शिदोरी सुटते ती ऊन चढल्यावर. ‘नाश्त्याआधी एक’ ही सूचना ज्याच्या घरात नाश्ता नावाची गोष्टच नाही त्याच्यासाठी लिहिलेली नसते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी घेऊन चिखलात वाकून राबले तर साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा हा अनुभव आला की पुढच्या कामाच्या दिवसांत ती बाई गोळी टाळते. पुस्तकी भाषेत हा खंड. पण तिने स्वतःच्या शरीराचे अचूक निरीक्षण करून घेतलेला हा निर्णय आहे. मनसरच्या मँगनीज खाणीत पाळीने काम करणाऱ्याचे जेवण दर पाळीला सरकते, त्याचेही हेच. उपवासांचेही हेच. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि चैत्रात गडावरची रामनवमी मिळून वर्षाचे कितीतरी दिवस जेवणाची वेळ आणि पदार्थ बदलतात. साबुदाणा आणि बटाटा साखर चढवतात, तर निरंकार उपवास ती उतरवतो. म्हणून औषध चुकण्याचे तीन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. विसरणे, न परवडणे किंवा न मिळणे, आणि समजून-उमजून न घेणे. पहिल्यावर आठवण हा उपाय, दुसऱ्यावर पुरवठा आणि तिसऱ्यावर बोलणे. आपल्याकडे तिन्हींवर एकच उपाय चालतो, तो म्हणजे रागावणे.

यात गोळीच्या घडणीचाही वाटा आहे. गोळ्यांची संख्या कमी केली की सातत्य वाढते, याला चांगला आधार आहे. भारत आणि युरोपात मिळून झालेल्या ‘अंपायर’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्यांना एकत्रित गोळी दिली तेव्हा सातत्य ८६ टक्के राहिले. सुटी औषधे घेणाऱ्यांत ते ६५ टक्के होते. मधुमेहातही दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. पण इथे एक पेच आहे. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर सहसा साखर धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइडने उतरू शकते. उपवासाच्या किंवा रोवणीच्या दिवशी फक्त दुसरी गोळी सोडून पहिली चालू ठेवणे शहाणपणाचे ठरू शकते, अर्थात डॉक्टरने तसे समजावून दिले असेल तर. दोन्ही एकाच गोळीत कोंबल्या की रुग्णापुढे दोनच वाटा उरतात, सगळे घ्या किंवा सगळे सोडा. सोय केली ती शहराच्या दिनक्रमासाठी. खेड्यातल्या दिनक्रमात तिचीच अडचण झाली. शिवाय सरकारी पुरवठ्यात कंत्राट बदलले की गोळीचे रूपही बदलते. मागच्या वेळची गोल पांढरी, या वेळची लांबट. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा २०१४ मध्ये अभ्यास झाला. गोळीचा रंग बदलल्यावर औषध सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ज्या रुग्णाला औषधाचे नाव वाचता येत नाही आणि जो गोळी रूपावरून ओळखतो, त्याच्यासाठी हा बदल केवढा असेल याचा अंदाज करता येतो.

आता समजुतींकडे. ‘गोळीची सवय लागते’, ‘इंग्रजी औषधाने किडनी जाते’, ‘साखर नॉर्मल आली, आता बंद केली तरी चालेल’ ही वाक्ये कोणत्याही ओसरीवर ऐकू येतात, आणि त्यांना अडाणीपणा म्हणून उडवून लावले जाते. पण प्रत्येकाच्या मागे काहीतरी पाहिलेले असते. मूत्रपिंड निकामी झालेल्या मधुमेहीच्या उशाला गोळ्यांचा ढीग सगळ्या गावाने पाहिलेला असतो. वाढलेली साखर मात्र कोणाला दिसत नाही. म्हणून दोष गोळीवर जातो. ताप उतरला की गोळी थांबते, हे आपण लहानपणापासून शिकलो. मग ‘रिपोर्ट नॉर्मल’ आल्यावर ती का थांबू नये, हे कोणीतरी बसून सांगावे लागते. पर्यायी उपचारांचेही असेच. बिजा म्हणजे विजयसार हे या पट्ट्याच्या जंगलात वाढणारे झाड. त्याच्या लाकडाचा पेला रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, सकाळी तांबूस झालेले पाणी प्यायचे, हा उपाय सर्वपरिचित आहे. त्याला अगदीच आधार नाही असेही नाही. विजयसारावर खुद्द आयसीएमआरने १९९८ मध्ये नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि त्यातल्या ६७ जणांची साखर आटोक्यात आल्याचे त्यात नमूद होते. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मात्रा मोजून दिलेली होती आणि रुग्ण सौम्य अवस्थेतले होते. बाजारातल्या पेल्यात यातले काहीच नसते. एवढे प्रामाणिकपणे सांगितले तर रुग्ण पेला आणि गोळी दोन्हींविषयी डॉक्टरशी बोलेल. हसण्यावारी नेले तर पेला चालू राहील आणि गोळी गुपचूप बंद होईल.

इथे सर्वात कडक आक्षेप पुढे येतो. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले. जनऔषधी केंद्रांत जेनेरिक गोळ्या स्वस्त मिळतात. २०१९ ते २०२५ या काळात विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या औषधांची पेटंटे एकामागून एक संपली आणि त्यांच्या किमती कोसळल्या. एवढे असूनही कोणी गोळी घेत नसेल तर दोष त्याचाच नाही का? हा युक्तिवाद औषधाची किंमत आणि औषध मिळवण्याची किंमत यांत गल्लत करतो. देवलापारकडच्या गावातून रामटेकला यायचे म्हणजे बसचे भाडे, रांग, आणि दिवसाची मजुरी. ती मजुरी गोळ्यांच्या किमतीपेक्षा जास्त भरते. त्यातून पंधरा दिवसांचीच औषधे हाती पडली किंवा ‘हे संपले, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागले, तर तोच प्रवास पुन्हा. आजही देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा मोठा आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार ३९.४ टक्के. आणि विश्वासाचीही किंमत असते. नागपूर ग्रामीण पोलिसांच्या २०२४ मधल्या आरोपपत्रात, सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे म्हटले होते. त्या गोळ्या मधुमेहाच्या नव्हत्या. पण ‘सरकारी गोळीत दम नसतो’ असे म्हणणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडाणी म्हणायचे?

याचा अर्थ रुग्णावर जबाबदारीच नाही असा मात्र काढता येणार नाही. तंबाखू, खर्रा आणि ताटातला भात याबाबत शेवटचा निर्णय त्याचाच असतो, आणि सगळे हाताशी असूनही आळस करणारे रुग्ण शहरात कमी नाहीत. पण धोरण ठरवताना प्रश्न कोणाला दोष द्यावा हा नसतो. कशाने फरक पडतो हा असतो. आणि उपदेशाने फारसा फरक पडत नाही, याचा पुरावा भरभक्कम आहे. कॉक्रेन गटाने २०१४ मध्ये औषध-सातत्य वाढवण्याच्या १८२ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या फक्त १७ दर्जाच्या दृष्टीने भरवशाच्या ठरल्या, आणि त्या १७ पैकी सातत्य व तब्येत दोन्ही सुधारल्याचे फक्त ५ चाचण्यांत दिसले. क्षयरोगासारखे डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावणे इथे चालणार नाही. तो उपचार काही महिन्यांचा, हा जन्माचा. ज्याला जन्मभर गोळी घ्यायची आहे त्याच्यावर पहारा बसवता येत नाही, त्याची वाट सोपी करता येते.

ती कशी करायची याचे उदाहरण रामटेकच्या शेजारीच आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्याची सूत्रे साधी आहेत. सगळीकडे सारखीच, मोजक्या औषधांची उपचारपद्धती, म्हणजे खरेदीचा अंदाज चुकत नाही आणि साठा संपत नाही. एका वेळी किमान ३० दिवसांची औषधे. पुढच्या गोळ्या गावाजवळच्या केंद्रातून. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद अशी, की ठरल्या तारखेला कोण आले नाही ते कळावे आणि त्याला फोन जावा. रक्तदाबाचे गणित मधुमेहाला जसेच्या तसे लागू नाही, हा आक्षेप बरोबर आहे. मधुमेहात मात्रा माणसागणिक बदलते, साखर उतरण्याची भीती असते, आणि इन्सुलिनवर गेलेल्या रुग्णापुढे विदर्भाच्या मे महिन्यात फ्रिजशिवाय बाटली थंड कशी ठेवायची हा प्रश्न असतो. पण त्यालाही ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यासारखी उत्तरे आहेत. फक्त ती चिठ्ठीसोबत द्यावी लागतात. आणि बहुसंख्य रुग्ण मेटफॉर्मिन व आणखी एखाद्या गोळीवरच असतात. त्यांच्यासाठी ही चारही सूत्रे आज लागू करता येतील. २०२० च्या टाळेबंदीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे आशांमार्फत घरपोच देण्याची मुभा दिली होतीच. जे संकटात चालले ते रोवणीच्या हंगामात का चालू नये?

असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा अर्ज आशा भरून घेते, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, आणि २०२३ मध्ये केंद्राने रक्तदाब-मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्टही जाहीर केले. यंत्रणेची माणसे गावापर्यंत पोचलेली आहेत. चुकते ते मोजण्यात. किती तपासले, किती नोंदवले, किती जणांना उपचार सुरू केले हे आकडे वर जातात. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी किती दिवस रुग्णाच्या घरात गोळ्या होत्या, हा आकडा कोणी मागत नाही. तो मागायला नवा निधी लागत नाही. तालुक्याच्या प्रत्येक उपकेंद्राच्या वहीत दोन रकाने वाढवायचे. एकात औषधे दिल्याची आणि ती संपण्याची तारीख, दुसऱ्यात त्या दिवशी केंद्रात साठा होता की नव्हता. वर्षअखेरीला दोन्ही रकाने शेजारीशेजारी ठेवले की गोळी कुठे चुकली याचे उत्तर कागदावरच मिळेल. तोवर ‘पेशंट गोळ्याच घेत नाहीत’ हे वाक्य कोणत्याही आढावा बैठकीत ऐकून घेऊ नये.